आधी एक कार्ड काढा

गेम रंगात आलेला असतो, पडदा अचानक काळा होतो आणि समोर नुसता डेस्कटॉप उरतो. दोन ग्राफिक्स कार्डं बसवलेल्या पीसीवर असं वारंवार होऊ लागलं, की पुढचा क्रम ठरलेला असतो. नवा ड्रायव्हर टाकला जातो, त्याच बैठकीत विंडोज अपडेट होतं, गेम काढून पुन्हा बसवला जातो, बायोसमधल्या दोन-चार सेटिंग बदलल्या जातात. तरीही भागलं नाही तर नवा पॉवर सप्लाय विकत आणला जातो. गेम दोन दिवस नीट चालतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडतो. एवढ्या उपायांपैकी कशाने काय झालं, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

दवाखान्यातही हे घडतं. तापाच्या रुग्णाला पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक, स्टेरॉइड, वेदनाशामक आणि सलाईन असं सगळं एकदम दिलं, की ताप उतरतो, पण कशाने उतरला ते कळत नाही. स्टेरॉइडने ताप नुसता दबला असेल आणि आत संसर्ग वाढत असेल, तर तोच रुग्ण काही दिवसांनी अधिक वाईट अवस्थेत मोठ्या रुग्णालयात येतो. पीसीत चुकलं तर पैसे जातात. इथे जीव जाऊ शकतो. म्हणून कारण शोधण्याची शिस्त कोणती, हे दोन कार्डांच्या पीसीवरून समजून घेण्यासारखं आहे.

दोन कार्डांची कल्पना जुनी आहे. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ कार्डांची जोडी पडद्यावरच्या ओळी आलटून-पालटून रंगवत असे. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हे नाव नव्या रूपात आणलं. त्यात बहुधा एक फ्रेम एक कार्ड तयार करतं आणि पुढची दुसरं. ऐकायला वेग दुप्पट वाटतो. पण दोन्ही कार्डांच्या मेमरीत जवळपास तेच सामान ठेवावं लागतं, त्यामुळे ८-८ जीबीची दोन कार्डं मिळून गेमला १६ जीबी मिळत नाहीत. शिवाय ही जोडी चालण्यासाठी गेम आणि ड्रायव्हर या दोघांचीही साथ लागते. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयसाठी नवी ड्रायव्हर प्रोफाइल देणं थांबवलं. नव्या गेमने स्वतःहून सोय केली नसेल, तर दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं.

तपासाची सुरुवात इतिहासाने व्हावी. हे कधीपासून होतंय? त्याआधी काय बदललं? सगळ्याच गेममध्ये होतं की एकाच? विंडोजमधली रिलायबिलिटी हिस्टरी तारीखवार नोंदी दाखवते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं' अशा अर्थाची नोंद अनेकदा सापडते. ग्राफिक्स चिप सुमारे २ सेकंद अडकून राहिली, की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं, त्याची ही नोंद. मात्र ती तापासारखी आहे. लक्षण सांगते, कारण नाही. गेम बंद न पडता अख्खा पीसीच एकदम बंद झाला किंवा रीस्टार्ट झाला, तर संशय आधी विजेवर घ्यावा. प्रत्येकी २५० वॅट खाणारी दोन कार्डं म्हणजे फक्त ग्राफिक्ससाठी ५०० वॅट झाले; प्रोसेसर आणि बाकीचं वेगळंच.

त्यानंतर सेटिंगमधून एसएलआय बंद करून बघावं. तरी गेम बंद पडला, तर पीसी बंद करून, प्लग काढून, एक कार्ड बाहेर काढावं आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळावा. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरं कार्ड एकटं लावून बघावं. एकच कार्ड त्रास देत असेल, तर ते दुसऱ्या स्लॉटमध्ये लावावं. दोष कार्डाबरोबर गेला तर कार्ड बिघडलेलं. पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही कार्डं अडत असतील, तर संशय स्लॉटवर किंवा वीज देणाऱ्या केबलवर. दोन्ही कार्डं एकेकटी नीट चालत असतील, तर दोष जोडीत आहे: वीज अपुरी, ड्रायव्हरचा गोंधळ किंवा उष्णता. चिकटून बसवलेल्या कार्डांत वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढून घेतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते.

यात एकच नियम पाळायचा. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. दोन तासांनी एकदा बंद पडणारा गेम दहा मिनिटं नीट चालला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दिवसाआड येणाऱ्या हिवतापातही मधल्या दिवशी रुग्ण बरा दिसतो.

औषधाच्या दुष्परिणामाचा संशय आला, की वैद्यकशास्त्र हेच करतं. संशयित औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का, पुन्हा दिल्यावर उलटला का, हे प्रश्न १९८१ साली मांडलेल्या दहा प्रश्नांच्या नारांजो मापनपद्धतीत आहेत. फरक इतकाच, की कार्ड कोणीही काढून बघावं. औषध मात्र नाही. फिटची, रक्तदाबाची किंवा स्टेरॉइडची गोळी मनाने एकदम थांबवणं धोक्याचं असतं, आणि गंभीर ॲलर्जी आलेलं औषध 'बघू पुन्हा' म्हणून देता येत नाही. तो निर्णय डॉक्टरांचाच. रुग्णाने मात्र चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे आणि पुड्या त्यांच्यासमोर ठेवाव्यात आणि 'यातली कोणती कशासाठी?' हे विचारावं.

सुट्टीत पीसी उघडून बसलेल्या मुलाला 'वेळ वाया घालवतोस' असं ऐकावं लागतं. तो एकेक बदल करून निकाल लिहून ठेवत असेल, तर वेळ वाया जात नाहीये. पहिल्याच भेटीत पाच औषधं मागणाऱ्या रुग्णांनी आणि ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी त्याची वही जरूर बघावी.