झेपायचं नाही म्हणे!
मैत्रिणींनो, सोलापुरातली मुलगी एनसीसीत गेली, महायुद्धांच्या काळातली थ्री-नॉट-थ्री तिनं हातात घेतली, की ऐकवलं जातं, ‘चार किलोचं धूड बाईला झेपायचं नाही.’ डोक्यावरच्या दोन घागरी मात्र झेपतात! पडून नेम धरताना रायफलचा भार कोपरांवर नि पट्ट्यावर असतो, मिशांवर नाही. अंजली भागवत एनसीसीतूनच नेमबाजीत आली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. आणि जिंकलं तर? १९९२च्या ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुषांच्या एकत्र स्कीट स्पर्धेत चीनच्या झांग शाननं सुवर्ण मिळवलं. १९९६ला स्कीट फक्त पुरुषांसाठी! तेव्हा आपल्या कॉलेजात विचारा, फायरिंगला मुलांना किती गोळ्या मिळतात, मुलींना किती?