थिंक टँक आणि सोयाबीनचं पोतं

टीव्हीवरच्या चर्चेत एखाद्याच्या नावाखाली 'सामरिक तज्ज्ञ' अशी पट्टी येते. हा माणूस फाइलवर सही करत नाही की सीमेवर लढत नाही, मग पगार कशाचा घेतो? आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडतो. माझ्या मते उद्याची अडचण आज ओळखण्याचा. आणि हे काम महत्त्वाचं आहे.

सुंदीप वासलेकरांचंच बघा. ऑक्सफर्डला शिकलेला हा मराठी माणूस. २००२ साली त्यांनी मुंबईत स्ट्रॅटेजिक फोरसाइट ग्रुप काढला. २०११ साली या गटाने 'ब्लू पीस' अहवाल मांडला. तुर्कस्तान, सीरिया, इराक, लेबनॉन आणि जॉर्डन यांनी पाण्यावरून भांडण्याऐवजी एकत्र बसावं, असा त्याचा गाभा. त्याच वर्षी सीरियात यादवी पेटली! म्हणजे या धंद्यात सल्ला आपला, निर्णय दुसऱ्याचा. ज्याला लगेच रिझल्ट हवा त्याने इकडे फिरकू नये.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? माझं गाव किन्हीराजा, जिल्हा वाशिम. तिथे टँक म्हटलं की पाण्याचा टँकर आठवतो. पण गावचं पीक सोयाबीन. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेलाची आवक अडली. या दोन्ही गोष्टी थेट आमच्या पोत्यापर्यंत येतात. परराष्ट्र धोरण म्हणजे फक्त चीन-पाकिस्तान नव्हे, मंडळी!

खरी अडचण वेगळीच आहे. या क्षेत्रात शिरायचं तर फाडफाड इंग्रजी हवं, दिल्लीचं भाडं परवडायला हवं, सुरुवातीला कमी पैशांत राबायची तयारी हवी. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेला पोरगा हे कसं करणार? तो मुकाट्याने आयटीत येतो. मग सोयाबीन न पेरलेले लोकच त्यावर सल्ला देतात.

म्हणून वाटतं, पुण्या-नागपुरात पूर्ण पगाराच्या फेलोशिप हव्यात, आणि अहवाल मराठीतही यायला हवेत. तोवर नोकरी सांभाळून शिकता येतं. बंगळुरूच्या तक्षशिला संस्थेचे ऑनलाइन कोर्स आहेत, आणि तिचे संस्थापक नितीन पै मूळचे इंजिनीअरच!

शनिवार-रविवार तसेही मॉलमध्येच जातात. बघा, पटतंय का?