जिताडा आपला, पण राखायचा कुणी?

रायगडच्या खारेपाटात एक जुनी थट्टा आहे. कचेरीत कुणाचं काम अडलं की दुसरा विचारतो, "जिताडा पोचवलास का?" जावई घरी आला की जिताडा, साहेब गावात आला की जिताडा, असा या माशाचा मान. मी स्वतः कृषी खात्यात, गावोगाव फिरणारा माणूस. त्यामुळे या थट्टेत मीही आलोच. पण खरं सांगायचं तर जिताडा मी खाल्ला पुष्कळ, तळ्यातून काढताना पाहिला पुष्कळ, मात्र वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत स्वतःच्या हातानं एकही धरला नव्हता. तो धरायला शिकलो परमुलखात, ऑस्ट्रेलियात. शिकवणारी होती माझी अकरा वर्षांची भाची.

माझी बहीण आणि भावोजी क्वीन्सलँड राज्यात केर्न्स शहरात राहतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी, सौ., आमचा मुलगा आणि आबा असे चौघे त्यांच्याकडे गेलो. आबांचं सगळं आयुष्य खारजमिनीत गेलं. बांध घालणं, उघाडी सांभाळणं, पाग टाकणं यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नाही. तिथल्या बाजारात बर्फावर मांडलेला मासा बघून ते जागीच थबकले. "आरं, यो तं आपला जितारा!" खरंच होतं ते. तिकडे ज्याला बारामुंडी म्हणतात तोच आपला जिताडा, गोव्याचा चोणक, बंगालची भेटकी. शास्त्रीय नाव एकच, लॅटेस कॅल्कॅरिफर. 'बारामुंडी' हा शब्द तिथल्या आदिवासींच्या भाषेतला, अर्थ मोठ्या खवल्यांचा मासा.

मग काय, आबांनी हट्टच धरला, मासे मारायला जायचं. भावोजी म्हणाले, "नदीत आणि खाडीत नाही जाता येणार. १ नोव्हेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत इकडच्या पूर्व किनाऱ्यावर जिताडा धरायला बंदी असते, विणीचा काळ असतो. शिवाय नद्यांत मगरी. आपण धरणावर जाऊ." म्हणून आम्ही टिनारू धरणावर गेलो.

धरणातला जिताडा येतो कुठून?

टिनारू धरण १९५८ साली पुरं झालं, तेही मासळीसाठी नव्हे, शेतीच्या पाण्यासाठी. त्याच्या कालव्यांवर मरीबा भागातली शेती उभी आहे. एके काळी तिथं तंबाखू होता, आता ऊस, आंबा, अव्होकॅडो. या गोड्या पाण्यात जिताडा आपोआप आलेला नाही. जिताड्याची वीण खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात होते. पिल्लं गोड्या पाण्यात चढतात आणि वाढतात, पण गोड्या पाण्यात हा मासा वीत नाही. मध्ये धरणाची भिंत आली की वरचं पाणी त्याला कायमचं बंद. म्हणून टिनारूत १९८० च्या दशकापासून उबवणी केंद्रातलं बोटभर बीज आणून सोडतात. म्हणजे धरणातला प्रत्येक जिताडा कुणीतरी पैसे मोजून सोडलेला असतो.

हे पैसे कुठून येतात, हे आपल्या सरपंच मंडळींनी लक्ष देऊन वाचावं. बीज सोडलेल्या ठरावीक धरणांत गळ टाकायचा तर १८ वर्षांवरच्या माणसाला परवाना घ्यावा लागतो. मुलांना लागत नाही. या परवान्याच्या पैशातला मोठा हिस्सा त्या त्या भागातल्या बीज सोडणाऱ्या स्वयंसेवी मंडळांकडे जातो आणि त्यातून पुन्हा बीज येतं. भावोजींनी आमचे परवाने काढले तेव्हा आबा कुरकुरले, "पान्यात गल टाकायला पैसं?" पण हिशेब समजल्यावर गप्प झाले. बियाण्याला पैसे लागतात हे शेतकऱ्याला निराळं सांगावं लागत नाही.

भाचीची शाळा

पहिल्या संध्याकाळी माझी फजितीच झाली. मला वाटलं, गळ टाकायचा आणि बसायचं. भाचीनं सांगितलं, असं नाही. जिताडा पळापळ करून शिकार करणारा नव्हे, तो दबा धरून बसतो. पाण्यात बुडालेली वाळकी झाडं, पाणगवताची कड, अशा जागी तो असतो. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे वरचं ऊन पाणी ढकललं जातं, तो काठ बघायचा, कारण थंड पाण्यात हा मासा सुस्तावतो. तिथं खोटा मासा टाकायचा, हळू ओढायचा, मध्येच थांबायचं. बरेचदा तो थांबल्यावरच झडप घालतो.

माझ्या गळाला पहिला लागला तेव्हा मी जिवाच्या आकांतानं ओढत सुटलो. मासा पाण्याबाहेर उडाला, डोकं झाडलं आणि दोर तुटला. जिताड्याच्या गालफडाची कड विळ्याच्या धारेसारखी असते, ती ताणलेला दोर सहज कापते. म्हणून गळाजवळचा हातभर दोर जाड लावतात. "मामा, तो उडी मारतो तेव्हा काठी खाली कर, दोर सैल सोड. त्याला मुजरा कर म्हण!" भाची म्हणाली. दुसऱ्या संध्याकाळी सौ.नं मुजरा केला आणि मासा काठाला आणला. मी मात्र तिसऱ्या दिवशी यशस्वी झालो. आमच्या घरात हा विषय अजून संपलेला नाही.

सौ.चा मासा भाचीनं पट्टीवर ठेवला. भरला ५४ सेंटिमीटर. तिथं ५८ च्या आतला मासा ठेवता येत नाही. तिनं हात ओले केले, पोटाखाली आधार दिला आणि मासा अलगद पाण्यात सोडला. आबांना राहवेना. "अगं, घरात आलेली लक्ष्मी परत लोटतीस?" आसपास ना पोलीस, ना अधिकारी. पाहणारं कुणी नव्हतं, तरी पोरीनं मासा सोडला. मला सगळ्यात जास्त नवल त्याचंच वाटलं.

रात्री आबांनी विचारलं, "ल्हान सोडला ते समजलं. पण नदीत मोठा पन सोडतात म्हने, ते कशापायी?" नदी-खाडीत १२० सेंटिमीटरच्या वरचा जिताडाही परत सोडावा लागतो. धरणात मात्र तसला एखादा नेता येतो, कारण तिथं त्याची वीण होणारच नसते. भावोजींनी कारण सांगितलं. जिताडा पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. ढोबळमानानं ८० सेंटिमीटरच्या पुढचे बहुतेक मासे माद्या. म्हणजे जितका मासा मोठा, तितकी ती खाडीची जुनी आई. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंजे आपुन आपल्या खाडीतल्या आयाच खाल्ल्या."

आपल्याकडे काय चाललंय?

आबांचं ते वाक्य घेऊन मी परत आलो. आपल्याकडे रीत अशी, की पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर उघाडीतून, शेतातून जिताड्याची पिल्लं आत येतात. ती धरायची आणि घरामागच्या तळ्यात सोडायची. पावसाच्या गोड्या पाण्यात दोन-तीन वर्षांत मासा चांगला वाढतो. पेण, अलिबाग, उरणच्या कितीतरी घरांत अशा तळ्यांनी लग्नं पार पाडली आहेत. म्हणजे गोड्या पाण्यातला जिताडा ही काही परदेशी अक्कल नव्हे, ती आपलीच.

पण बीज सगळं खाडीच्या भरवशावर. कांदळवन तुटलं, भराव पडले, खाडीत सांडपाणी आलं, बांधाला खांडी गेल्या. आमच्या लहानपणी पोरं टोपलीनं पिल्लं आणत. आता जुने लोक दिवसभर फिरून ओंजळभर आणतात. आणि मोठी मादी जाळ्यात आली की तिचा फोटो निघतो, भाव ठरतो आणि ती साहेबाच्या नाहीतर जावयाच्या ताटात जाते.

गावतळ्यांची तऱ्हा आणखी निराळी. बहुतेक ठिकाणी तळं वर्षाच्या बोलीवर जातं. घेणारा बीज टाकतो आणि वर्ष संपायच्या आत उपसून नेतो. त्याचंही चूक नाही, पुढच्या वर्षी तळं त्याच्याकडे असेल याची खात्री कुठे आहे? पण दोन-तीन वर्षं वाढणारा मासा एका वर्षाच्या बोलीत बसत नाही. आणि गावातली पोरं तळ्याच्या काठी गळ घेऊन बसली तर हाकलली जातात. ज्या पोराला तळं आपलं वाटत नाही, तो उद्या त्यात कचरा टाकताना का थांबेल?

काय करता येईल?

तिकडचं सगळं इकडे आणा, असं मी म्हणत नाही. तिथं गळ टाकणं ही हौस आहे, आपल्याकडे तो अनेकांच्या चुलीचा प्रश्न आहे. पण चार गोष्टी आपल्याला जमण्यासारख्या आहेत.

पहिली, बीज केंद्रातलं आणावं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनं १९९७ मध्येच जिताड्याची बंदिस्त वीण करून दाखवली. तमिळनाडूत उबवणी केंद्रं आहेत. चार-पाच गावांनी मिळून मागणी नोंदवली तर वाहतूक परवडते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचा आणि मत्स्य विभागाचा सल्ला घ्यावा. एक ध्यानात ठेवा, केंद्रातलं बीज खाऱ्या पाण्यातलं असतं, ते एकदम गोड्यात ओतू नका. पाणी हळूहळू बदला. जिताडा स्वतःच्या भावंडांनाही खातो, म्हणून आधी जाळीच्या हाप्यात ठेवून लहान-मोठे वेगळे करत राहा आणि एकाच मापाचे तळ्यात सोडा.

दुसरी, जागा बघून सोडावा. रोहू-कटल्याचं बीज टाकलेल्या तळ्यात जिताडा म्हणजे मेंढरांत लांडगा. सोसायटीनं घेतलेल्या धरणात कुणी हौसेनं सोडला तर त्यांचं वर्ष बुडेल. ज्या तळ्यात चिलापी माजली आहे तिथं मात्र तो कामाचा, चिलापी हेच त्याचं खाद्य. सांडव्याला जाळी हवीच. क्वीन्सलँडच्या आवूंगा धरणातून २०१०-११ च्या पुरात हजारो जिताडे सांडव्यावरून वाहून गेले. आपल्याकडे तर पूर दरवर्षीचा.

तिसरी, गावतळं निदान तीन वर्षांसाठी द्यावं आणि करारात मापाची अट घालावी. आलेल्या पैशातला ठरावीक हिस्सा बीजासाठी वेगळा ठेवावा, तो गटाराला नाही की मंडपाला नाही. महिन्यातला एक रविवार गावातल्या कुटुंबांना गळ टाकायला मोकळा ठेवावा, मोठ्यांना थोडी फी, पोरांना फुकट. पोरं काठावर असतील तेव्हा घरचं मोठं माणूस आणि तरंगतं जाकीट पाहिजे, यात तडजोड नको.

चौथी गोष्ट फुकटातली. खाडीत जाळ्यात आलेली मोठी, जिवंत मादी परत सोडणं. हे मी कुणा गरीब मच्छीमाराला सांगत नाही, त्याच्या घरचा हिशेब मला ठाऊक आहे. मी सांगतो ते ती विकत घेणाऱ्याला आणि भेट म्हणून स्वीकारणाऱ्याला. यात आम्ही खात्याची माणसं आधी आली. भेटीचा जिताडा आम्ही नाकारला, तर निदान एक गिऱ्हाईक कमी होईल.

"हे तुमचं खातं नाही," असं मला कुणी म्हणेल. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. खारेपाटातल्या शेतकऱ्याला तो कागद निघायच्या आधीपासून ठाऊक होतं, की बांधाच्या आत भात आणि मासा एकाच पाण्यावर जगतात. मग गावात फिरणाऱ्या आम्हीच दोन खात्यांची भिंत कशाला धरून बसायची?

आबांनी यंदा तळ्याचा गाळ काढला आहे. शेजारच्या तिघांना घेऊन केंद्रातल्या बीजाची मागणी नोंदवायची त्यांची खटपट चालू आहे. त्यांच्या काठीवर त्यांनी कोयत्यानं एक खाच पाडली आहे, बरोबर ५८ सेंटिमीटरवर. आपल्या तळ्यात ते माप कायद्यानं लागू नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कायदा कशाला पायजे? पोरीनं कुनाला इचारून सोडला व्हता?"

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आपण सगळे अजून ग्रामसेवकच म्हणतो) आणि सरपंचांना माझी एवढीच विनंती, की पुढच्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर गावतळ्याचा विषय घ्या. बोली किती आली एवढंच नको. तळ्यात बीज कुठलं, मासा कोणत्या मापाचा काढायचा आणि पोरांना काठावर बसू द्यायचं की नाही, हेही बोला.