कार्डाची पाठ

बेसबॉल कार्डांच्या जुन्या प्रदर्शनांबद्दल कुणी गहिवरून बोलायला लागलं की मला उठून जावंसं वाटतं. गहिवर एकाच साच्याचा असतो : तेव्हा पोरं होती, आता दलाल आहेत, तेव्हा प्रेम होतं, आता पैसा आहे. मी तिथे होते. पैसा तेव्हाही होता, आणि दलाली तर मी स्वतः केलेली आहे.

वडिलांच्या नोकरीमुळे १९८७ ते १९९१ अशी चार वर्षं आम्ही न्यू जर्सीत होतो. तिथे रविवारी एखाद्या मोटेलच्या हॉलमध्ये, नाहीतर निवृत्त सैनिकांच्या सभागृहात घडीची टेबलं मांडून कार्डांचा ‘शो’ भरायचा. नाव शो, पण होता बाजारच. दारात डॉलरभर द्यायचा आणि आत शिरायचं. टेबलांवर काचेच्या पेट्यांत महागडी कार्डं. कडेला पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यांत ‘कॉमन्स’, म्हणजे ज्यांचं नाव कुणी घेत नाही अशा खेळाडूंची कार्डं, पाच-दहा सेंटला एक. आम्ही मुलं त्या खोक्यांपाशी उकिडवी बसायचो. मुली जवळजवळ नसायच्याच.

माझं इंग्रजी शाळेत नाही, त्या खोक्यांपाशी सुधारलं. कार्डाच्या पुढे फोटो असतो, तो बघून होतो. वाचायची ती पाठ. उंची, वजन, जन्मगाव, डावखुरा की उजवा, आणि खाली वर्षागणिक कोष्टक : कुठल्या दुय्यम संघाकडून किती सामने, किती हिट, किती होमरन. जागा उरलीच तर एखादं वाक्य. हा माणूस चार वर्षं आडगावांतल्या संघांत खेळला, मग वर गेला, दोन महिन्यांत परत खाली पाठवला गेला, मग एक वर्ष कोरंच, दुखापत असणार. हे सगळं आकड्यांतून ओळखायचं असायचं. तारकांची कोष्टकं सरळ चढत जायची, त्यांत कळण्यासारखं फार नसायचं. कॉमन्सच्या पाठीवर मात्र माणसं असायची. पुढे तौलनिक साहित्यात एम.ए. करताना ओळींमधलं वाचण्याबद्दल पुष्कळ ऐकलं. सवय त्याआधीच लागली होती.

आता दलालीचं. १९८९मध्ये ‘अपर डेक’ नावाची नवी कंपनी आली. गुळगुळीत कागद, पाठीवरही रंगीत फोटो, नकली कार्डं ओळखता यावीत म्हणून होलोग्राम, आणि पाकीट जवळजवळ डॉलरला. संचातलं पहिलंच कार्ड केन ग्रिफी ज्युनियर या पोरसवदा खेळाडूचं. आमच्याच इमारतीतल्या आठ वर्षांच्या एका मुलाला ते लागलं. त्याला वेड ‘मेट्स’ संघाचं. मी दहा वर्षांची, आणि माझ्याकडे ‘बेकेट’चं मासिक होतं. जेम्स बेकेट या संख्याशास्त्रज्ञाने १९८४मध्ये सुरू केलेलं हे मासिक म्हणजे कार्डांच्या दरांचं पंचांग. ग्रिफीच्या भावात खोकंभर कॉमन्स आले असते. मी त्याला मेट्सची सहा कार्डं दिली. त्यात गुडन नव्हता, स्ट्रॉबेरीही नव्हता. सहाला एक, म्हणून तो खूश झाला. आठवड्याभराने थोरल्या भावाने त्याला हिशेब समजावला. त्यानंतर आम्ही परत येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. तेव्हा निरागसपणाच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत.

तरीही काहीतरी गेलंय, आणि ते काय हे नेमकं सांगायला हवं. गहिवर नेमका तिथेच आळशीपणा करतो.

बेकेटमध्ये दर कार्डापुढे दोन आकडे असत, एक चढा आणि एक उतरता. त्या दोहोंच्या मधल्या जागेत सगळा शो चालायचा. कोपरा दबलाय का, छपाई एका बाजूला सरकलीय का, च्युइंगमचा डाग पाठीवर कितपत उतरलाय, हे विकणारा आणि घेणारा दोघांनी मिळून कार्ड हातात धरून ठरवायचं. दहा वर्षांच्या मुलीला पन्नाशीच्या गृहस्थाशी वाद घालावा लागायचा. त्यासाठी बघावं लागे आणि बोलावं लागे. पुष्कळदा मी हरायची. तो माणूस माझ्याहून जास्त वेळ कार्डाकडे बघत आलेला असायचा.

आज कार्ड एका कंपनीकडे पाठवतात. ती दहापैकी गुण देते आणि ते प्लॅस्टिकच्या जाड कवचात कायमचं बंद करते. याला ‘स्लॅब’ म्हणतात. टेबलापाशी आता पोरं फोनवर मागच्या विक्रीचा आकडा काढतात आणि त्याच्या किती टक्क्यांना देणार एवढंच विचारतात. मधली जागा बुजली. कार्डाची पाठ कवचातून दिसते, नाही असं नाही. पण उलटायचं कारण उरलेलं नाही.

समर्थक म्हणतात, यामुळे फसवणूक थांबली. तुझ्यासारख्यांच्या तावडीतून लहान मुलं सुटली. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण या व्यवस्थेचा जन्म कसा झाला ते बघा. ‘पीएसए’ ही यातली सर्वांत नावाजलेली कंपनी १९९१मध्ये निघाली. तिने गुण दिलेलं पहिलं कार्ड होनस वॅग्नरचं, सगळ्या कार्डांतलं सर्वांत प्रसिद्ध. त्याला आठ गुण मिळाले. २०१३मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापल्या होत्या. म्हणजे विश्वासाच्या या कारखान्यातून बाहेर पडलेला पहिला नगच छाटलेला होता. फसवणूक थांबली नाही, ती वाद घालता येणार नाही अशा ठिकाणी जाऊन बसली. त्या आठ वर्षांच्या मुलाला निदान माझं दार माहीत होतं.

२०२२मध्ये मिकी मँटलचं १९५२चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. मला त्या रकमेचा हेवा नाही (थोडा आहे). पण भाषांतराचं काम करणाऱ्या बाईला हे बोलणं भाग आहे, कारण हीच कवचं कॉमिक्सवरही चढली आहेत. ते पुस्तक उघडायचं तर कवच फोडावं लागतं, आणि फोडलं की गुण रद्द. न वाचण्याच्या अटीवर ज्याची किंमत टिकते ते पुस्तक विकत घेणारी माणसं स्वतःला जतन करणारी म्हणवतात. जतन कशाचं? शाईचं आणि कागदाचं. तेवढं तर रद्दीवालाही करतो, विकेपर्यंत.

२०२३मध्ये बहिणीकडे गेले तेव्हा माझं ते ग्रिफी घेऊन गेले होते, पुस्तकात घालून. अकरा वर्षांच्या भाच्याबरोबर शोला गेले. टेबलामागच्या माणसाने एवढंच विचारलं, ‘ग्रेडेड?’ नाही म्हटल्यावर त्याने हातही पुढे केला नाही. भाचा ओशाळला.

‘मावशी, पाठवून दे ना. दहा आले तर?’

‘कोपरा दबलाय रे.’

‘मग सात तरी.’

परतताना गाडीत मी त्याला सांगितलं की फोटोतली ती टोपी खरी नाही. फोटो काढला तेव्हा ग्रिफी सॅन बर्नार्डिनोच्या दुय्यम संघात होता. कंपनीने त्याच संघाच्या टोपीवर रंग फासून ती सिॲटल मरिनर्सची केली, कारण तो वर जाणार यावर त्यांनी पैज लावली होती. भाच्याने कार्ड पहिल्यांदाच हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, टोपीची कड नखाने चाचपून पाहिली.

‘मग त्याने किंमत कमी होते का?’ त्याने विचारलं.