ध्यानास किती घटका द्याव्या?

दररोज ध्यानास किती वेळ बसावें, हा प्रश्न हल्लीं संध्या-पूजेची परंपरा असलेल्या घरांतूनही ऐकूं येतो. एखादा मुलगा किंवा एखादी सून इगतपुरीस दहा दिवस राहून परत येते, आणि सकाळ-सायंकाळ एकेक तास आसनावर बसूं लागते. वडील मंडळी प्रथम कौतुक करतात. महिना उलटला म्हणजे मात्र कुजबूज सुरू होते : ‘एवढा वेळ कशाला? दहा मिनिटें डोळे मिटले तर पुरे नाहीं काय?’ आमच्या दवनीवाड्यासारख्या लहान गांवींही हा प्रश्न आम्हांस विचारतात. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

प्रथम मूळ ग्रंथांकडे वळावें. आपण रात्रीचे चार प्रहर मानतों. पालि ग्रंथांत रात्रीचे तीन याम सांगितले आहेत. भिक्षूनें दिवसा आणि रात्रीच्या पहिल्या यामांत चंक्रमण करून व बसून चित्त शुद्ध करावें, मधल्या यामांत उजव्या कुशीवर निजावें, आणि शेवटच्या यामांत उठून पुन्हां तोच अभ्यास करावा, असा तेथील नियम आहे. हें माप ऐकून गृहस्थानें घाबरूं नये. भिक्षूच्या घरीं चूल नसते, लेकरूं नसतें, आणि सावकाराचा हप्ताही नसतो.

शिवाय त्या भिक्षूंसही अतिरेक वर्ज्यच होता. सोण नांवाचा एक श्रीमंताघरचा तरुण भिक्षु झाला, आणि चालून चालून त्याचे तळवे रक्तबंबाळ झाले. तरी मन शांत होईना. संसारांत असतां तो वीणा उत्तम वाजवीत असे. भगवान् बुद्धांनीं त्यास एवढेंच विचारलें कीं तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय, आणि फार सैल सोडल्या तर वाजते काय? सोण काय तें समजला. इतर ठिकाणीं तर वेळेचें माप याहूनही विलक्षण आहे. स्मृतिप्रस्थानाच्या सूत्रांत सात वर्षांपासून सुरुवात करून, तेंच फळ सात दिवसांच्या खऱ्या अभ्यासानेंही मिळूं शकतें येथपर्यंत उपदेश उतरत येतो. आणि दुसरीकडे, चुटकी वाजण्यास लागतो तेवढा क्षणही मैत्रीची भावना केली तरी ती व्यर्थ नाहीं, असें म्हटलें आहे. यावरून घड्याळाची किंमत काय, हें सुज्ञांस कळेल.

मराठी वाचकांस हा विषय प्रथम नीट समजावून दिला तो गोमंतकांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनीं. १८७६ सालीं जन्मलेला हा ब्राह्मण घर सोडून सिंहलद्वीपास व ब्रह्मदेशास गेला, तेथें पालि भाषा व ध्यान शिकला, आणि पुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत पालि शिकवूं लागला. त्यांचा ‘समाधिमार्ग’ हा लहानसा ग्रंथ या विषयावरच आहे. १९४७ सालीं आपल्याच विदर्भांतील सेवाग्राम येथें त्यांनीं अन्नत्याग करून देह ठेवला.

कोसंबींनीं ज्याच्या अभ्यासांत आयुष्य वेंचलें, त्या बुद्धघोषाचार्यांच्या विशुद्धिमार्गांत चाळीस कर्मस्थानें सांगितलीं असून, कोणत्या स्वभावाच्या माणसानें कोणतें घ्यावें याचाही विचार आहे. श्वास मोजण्याची तेथील रीत आम्हां धानाच्या मुलखांतील लोकांस विशेष आवडावी. धान मापणारा जसा एक माप भरून ओतून ‘एक, एक’ असें सावकाश म्हणतो, तशी सुरुवातीची गणना असावी. ती पांचाच्या आंत थांबूं नये व दहापलीकडे जाऊं नये. पुढें सराव झाला म्हणजे गोठ्यांतून भराभर बाहेर पडणाऱ्या गाई गुराखी मोजतो, तशी ती जलद व्हावी. पायली भरतांना ज्याचें लक्ष हललें, त्याचा हिशेब चुकला. तो तासभर बसला काय आणि घटकाभर बसला काय, सारखेंच.

आतां इगतपुरीचें माप पाहूं. ब्रह्मदेशांत वाढलेले सत्यनारायण गोएंका यांनीं १९६९ सालीं भारतांत येऊन हे वर्ग सुरू केले; इगतपुरीच्या धम्मगिरीवर ते १९७६ पासून चालत आहेत. त्यांचे गुरु ऊ बा खिन हे स्वतः गृहस्थ आणि सरकारी हिशेबखात्याचे मोठे अधिकारी होते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. शिबिरांत पहांटे चारला घंटा होते, आणि दिवसाकाठीं सुमारें साडेदहा तास ध्यान घडतें. घरीं गेल्यावर मात्र सकाळीं एक तास व सायंकाळीं एक तास, शिवाय निजतांना व जागें होतांना पांच-पांच मिनिटें, असा उपदेश आहे. एक तास म्हणजे अडीच घटका. दोन तास म्हणजे पांच. अहोरात्राच्या साठ घटकांपैकीं हा बारावा भाग झाला.

हा बारावा हिस्सा एकत्र कुटुंबांत कोणाच्या वांट्यांतून काढावयाचा? खरी अडचण येथें आहे. कर्ता पुरुष पहांटे आसनावर बसतो, तेव्हां चहाचें आधण, मुलांची शाळा आणि सासूबाईंचें औषध कोणाच्या माथीं पडतें, हें पाहावें. त्याच्या शांतीचा खर्च सुनेच्या नांवें पडत असेल, तर तें ध्यान उधारीचें होय. आणि सून बसूं लागली म्हणजेच घरांत कुजबूज कां व्हावी, याचाही वडील मंडळींनीं मनाशीं विचार करावा. पाळी लावावी : एक बसला तर दुसऱ्यानें चूल सांभाळावी. ज्या घरांत अशी पाळी लागते, तेथें ध्यानाचें निम्में फळ आसनावर बसण्यापूर्वींच पदरांत पडतें, असें आमचें मत आहे.

वेळेविषयीं आमची सूचना अशी. ज्यांनीं विधिपूर्वक शिक्षण घेतलें आहे, त्यांनीं गुरूंनीं सांगितलेले दोन तास साधतील तोंवर पाळावे. इतरांनीं एका घटकेपासून, म्हणजे चोवीस मिनिटांपासून, आरंभ करावा. वेळ व जागा ठरलेली असावी. आषाढांत रोवणी चालू असतां, दिवसभर बांधींत वांकलेल्या माणसानें दहा श्वास मोजून निजावें, पण खंड पाडूं नये. दीर्घ काळ, अखंड आणि आदरपूर्वक केलेलाच अभ्यास दृढ होतो, हें आपले पतंजलिही सांगतात. उलट, बसून बसून झोंप उडाली, भय वाटूं लागलें किंवा मन भ्रमलें, तर हट्ट न धरतां थांबावें, आणि शिकविणारास व डॉक्टरांसही विचारावें.

किती वेळ बसलों हें घड्याळ सांगेल. त्याचा उपयोग किती झाला, तें जेवणाच्या पंक्तींत भाजी अळणी निघाली असतां आपल्या तोंडून जो शब्द निघतो, त्यावरून घरच्या मंडळींस कळेल. त्यांसच विचारावें, आणि त्यांच्या उत्तराप्रमाणें घटका वाढवावी.