छाप पडलेला डॉलर

दिवाळीच्या साफसफाईत आजीचा पितळी डबा निघाला. डब्यात तुटक्या जोडव्या, एक मोडकी अत्तरदाणी आणि चिंध्यांत गुंडाळलेले एक मोठे रुप्याचे नाणे. पणजोबा फलटणीत होते, त्यांनी ते कुठून आणले हे आता सांगणारे कोणी उरलेले नाही. २०२५ साली चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला, तेव्हापासून आमच्याच नव्हे तर गल्लीतल्या प्रत्येक घरातले डबे उघडू लागले आहेत. धाकट्या बहिणीची प्रवेश फी भरायची होती. बाबा म्हणाले, "चल, सराफाकडे दाखवून येऊ. तू कॉमर्सचा, तुला भाव कळेल."

सराफांनी नाणे बोटावर तोलले, नखाने टिचकी मारली. खणखणीत वाजले. काट्यावर २६.६ ग्रॅम भरले. मग भिंग लावले आणि त्यांचा चेहरा उतरला. "नाणे इंग्रजांच्या वेळचे आहे, पण खराब केलंय हो कोणीतरी. हे बघा, ठोके मारलेत. शौकीन माणूस घेणार नाही. मोडीचा भाव देतो."

बाबा देणार होते. मीच म्हटले, दोन दिवस थांबू. ते दोन दिवस आता चार महिने झाले आहेत आणि घरात मी त्या पायी बरीच बोलणी खाल्ली आहेत. ती का खाल्ली, हे सांगण्यासाठी हा लेख.

नाण्याच्या एका बाजूला समुद्रकिनाऱ्यावर उभी ब्रिटानिया, हातात त्रिशूळ आणि ढाल, मागे शिडाचे जहाज आणि खाली १९०२. दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी, तिच्या मधोमध दीर्घायुष्याचे चिनी चिन्ह, आणि 'एक डॉलर' हे शब्द चिनी व मलाय-अरबी लिपीत. भिंगातून त्रिशुळाच्या मधल्या पात्यावर इंग्रजी 'बी' हे चिमुकले अक्षर दिसते. बी म्हणजे बॉम्बे. हा हाँगकाँगचा डॉलर आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला आहे!

हे कसे घडले, ते गमतीचे आहे. हाँगकाँगमध्ये इंग्रजांनी १८६६ साली स्वतःची टांकसाळ काढली. ती दोन वर्षांत बुडाली आणि यंत्रे जपानला विकली गेली. पुढे १८९३ साली हिंदुस्थान सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले, तेव्हा मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळींना काम कमी पडले. १८९५ साली त्यांना पूर्वेकडच्या व्यापारासाठी हा डॉलर पाडण्याचे काम मिळाले. वजन ४१६ ग्रेन, म्हणजे सुमारे २६.९६ ग्रॅम, आणि त्यात नव्वद टक्के चांदी. १९३५ पर्यंत तो निघत होता. आमचा नग तीन-साडेतीन दशांश ग्रॅमने हलका आहे. तेवढी चांदी हाताहातांत झिजली.

आता त्या ठोक्यांकडे येऊ, कारण भांडण त्यांच्यावरूनच आहे.

चीनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सरकारी नाणे म्हणजे मुख्यतः मधे चौकोनी भोक असलेले तांब्या-पितळेचे. चांदी चाले ती वजनावर. 'लियांग' हे तिचे माप, सुमारे ३७ ग्रॅमचे, आणि तेही गावोगाव थोडे निराळे. अशा बाजारात मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतली चांदी स्पेनच्या राजांच्या 'आठ रेआल'च्या नाण्यांतून येऊ लागली. आधी मनिलामार्गे, मग चहा आणि रेशीम घ्यायला कँटनला येणाऱ्या गोऱ्यांच्या जहाजांतून. पुढे मेक्सिको १८२१ साली स्वतंत्र झाल्यावर मेक्सिकन डॉलर आले. (याच चांदीचा ओघ १८३० च्या आसपास उलटा फिरला, कारण चहाच्या किमतीत चांदीऐवजी अफू दिली जाऊ लागली. त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे. तेव्हा या नाण्यांकडे केवळ कौतुकाने पाहता येत नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.)

नाणे परके, राजा परका, अक्षरे वाचता येत नाहीत आणि खोटी नाणी भरपूर. मग पेढीवरचा पारखी काय करी? नाणे वाजवी, तोली, कडा पाही आणि खात्री पटली की पोलादी ठशाने आपल्या पेढीची खूण त्यावर ठोकी. एखादे अक्षर, एखादा तारा, एखादी चंद्रकोर. याचा अर्थ : 'हे मी तपासले आहे. खोटे निघाले तर माझ्याकडे या.' नाणे पुढच्या दुकानात गेले की तिथला पारखी पुन्हा तपासून आपली खूण ठोकी. दहा हात फिरलेल्या नाण्यावर दहा खुणा. काही नाणी इतकी ठोकली गेली की राजाचा चेहरा नाहीसा झाला आणि नाण्याची वाटी झाली. शेवटी ती फुटत आणि तुकडे पुन्हा वजनावर चालत. दक्षिणेत, कँटनच्या बाजूला, ही रीत फार होती. काही ठिकाणी पोलादी ठशाऐवजी शाईचा शिक्काही मारत.

या खुणेला इंग्रजीत 'चॉप' म्हणतात. हा शब्द चिनी असेल असे मला वाटले होते, पण तो आपला 'छाप' आहे! हिंदुस्थानातल्या बंदरांतून गोऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडी बसून तो चीनला पोचला. आणि नाणी पारखणाऱ्या माणसाला तिथले इंग्रज 'श्रॉफ' म्हणत, म्हणजे आपला सराफ. हाँगकाँगमध्ये गाड्यांच्या तळावर पैसे भरायच्या खिडकीवर आजही 'श्रॉफ' अशी पाटी असते. माझा कन्नड विभागातला मित्र हे ऐकून म्हणाला, "आमच्यात स्टॅम्प पेपरला छापा कागदच म्हणतात की!" म्हणजे त्या डॉलरवर दोन्ही विभागांचा सारखाच हक्क आहे.

आमच्या सराफांनी 'खराब' म्हणून नाक मुरडले, ते एका सराफाच्याच सहीला. त्यांना दोष देत नाही. नाणी जमवणाऱ्यांच्या जगात पुष्कळ वर्षे हेच मत होते. कोरे नाणे उत्तम, वापरलेले मध्यम, ठोकलेले बाद. आमच्या शेजारी एक काका तीस वर्षे नाणी जमवतात, त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, नाणे हे शिल्प आहे. शिल्पावर कोणी छिन्नी मारली तर तू त्याला इतिहास म्हणशील का?"

काकांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. ब्रिटानियाच्या मांडीवर पडलेली खूण सुंदर दिसते असे मीही म्हणणार नाही. पण नाणे हे शिल्प नव्हे, हा माझा मुद्दा आहे. नाणे फिरण्यासाठी पाडतात. टांकसाळीतून निघून थेट कुणाच्या पेटीत पडलेले नाणे दिसायला देखणे असेल, पण ते आपल्या कामावर गेलेच नाही. ते फक्त टांकसाळीचे सांगते. छाप पडलेले नाणे बाजाराचेही सांगते.

आम्हांला दुसऱ्या वर्षाला १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आहे. हुंडीच्या किंवा चेकच्या पाठीवर सही करून तो पुढे दिला की सही करणारा मोकळा होत नाही. कागद सकारला गेला नाही तर धारक त्याच्याकडेही येऊ शकतो. वर्गात हे कलम पाठ करताना मला ते कोरडे वाटले होते. पाठीवर जितक्या सह्या अधिक, तितका कागद भक्कम, असे सर म्हणाले तेव्हा कोणी वर मान करून पाहिले नाही. डॉलरवरच्या छापा पाहिल्यावर ते वाक्य आठवले. हे धातूवरचे पृष्ठांकन आहे. कायद्याची सक्ती नसताना, केवळ पेढीच्या नावासाठी केलेले. आजच्या हिशेबतपासनिसाची सही तरी याहून वेगळी काय असते?

उलट सरकारांचे पाहा. अमेरिकेने १८७३ साली खास चीनसाठी 'ट्रेड डॉलर' काढला. मेक्सिकन डॉलरवर मात व्हावी म्हणून वजन ४२० ग्रेन ठेवले. सुमारे ३ कोटी ६० लाख नाणी पाडली. चांदी घसरली तशी त्यांतली बरीच देशातच फिरू लागली, तेव्हा १८७६ साली सरकारने त्यांची कायदेशीर चलन म्हणून मान्यता काढली. कारखानदार ती स्वस्तात घेऊन मजुरांच्या पगारात पूर्ण डॉलर म्हणून देत आणि मजूर दुकानात गेला की बट्टा कापला जाई. अखेर १८८७ साली सरकारने सहा महिने ती बदलून देण्याचे कबूल केले, पण अट अशी की नाण्यावर कसलाही ठसा किंवा ठोका नसावा. म्हणजे ज्या नाण्याने नेमलेले काम केले, चीनला जाऊन पारख्यांची परीक्षा दिली, तेच नाणे घरी परत आल्यावर बाद! कँटनच्या पेढीवाल्याने आपली सही नाकारली नसती. नाणे पाडणाऱ्या सरकारने स्वतःची नाकारली.

माझे काका (शेजारचे) इथे हसून म्हणाले, "पेढीवाले तुझे काही देव नव्हते." खरे आहे. छाप म्हणजे विश्वास, आणि छाप म्हणजे अविश्वासही. विश्वास असता तर दहा वेळा ठोकायचे कारणच नव्हते. ठोकता ठोकता चांदीचे कण झडत. वाटी झालेले नाणे वजनावर गेले की घट कोणाच्या माथी? ज्याच्या हातात ते शेवटी असेल त्याच्या. तो बहुधा पेढीवाला नसणार. आपल्याकडेही जुन्या रुपयांवर सराफांच्या खुणा सापडतात आणि बट्टा हा शब्द आपल्या भाषेत नुसता हिशेबाचा राहिला नाही, नावाला लागण्यापर्यंत गेला. पण हे सारे दोष त्या ठोक्यांतच वाचता येतात. कोऱ्या नाण्यात ना पत दिसते, ना लूट.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. १९८७ साली अमेरिकेत या छापांवर स्वतंत्र पुस्तक निघाले आणि फक्त छापांची नाणी जमवणारे लोक तयार झाले. दर्जा ठरवणाऱ्या तिकडच्या संस्थाही आता छाप पडलेल्या ट्रेड डॉलरला बाद न ठरवता वेगळी वर्गवारी देतात. किंमत आली तशी लबाडीही आली. पूर्वी नाणे कोरे दिसावे म्हणून छापा बुजवून, घासून पॉलिश करणारे होते. आता साध्या नाण्यावर नव्या छापा ठोकणारे आहेत, आणि छापांसकट ओतलेली बनावट नाणी तर ढिगाने आहेत. पाहायचे कसे, ते थोडक्यात सांगतो. खऱ्या ठोक्याने धातू सरकतो, खड्ड्याची कड वर येते आणि बहुतेकदा मागच्या बाजूला त्या जागी नक्षी दबते. खड्ड्याच्या तळाशी जुनी काळी झाक असते. ओतीव नाण्यात कडा बोथट असतात आणि दोन निराळ्या नाण्यांवर त्याच छापा त्याच जागी दिसतात. वजन आणि आवाज आहेतच. खोटे बहुधा हलके भरते आणि बद्द वाजते. १८७३ च्या आधीचे साल असलेला अमेरिकन ट्रेड डॉलर कोणी दाखवला तर नमस्कार करून परत द्यावा. चिंच आणि राख लावून नाणे उजळू नये, हेही सांगितले पाहिजे. आमच्या आजीने हे दर दिवाळीला केले आणि त्या छापांतली झाक निम्मी घालवली. आणि शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी कोणाला विकायचा मोह झाला तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी वाचावा; तशी निर्यात खाजगी माणसाला करता येत नाही.

आता फीचे काय? बाबांचा प्रश्न रास्त आहे. नाण्यातली शुद्ध चांदी सुमारे चोवीस ग्रॅम. त्या पैशांत फी भरत नाही, फीचा एक तुकडा भरतो. तो तुकडा मी सकाळच्या वेळी एका दुकानाचे जमाखर्च लिहून तीन महिन्यांत भरला. बाबा काही बोलले नाहीत. परवा मात्र पाहुणे आले असता त्यांनीच डबा काढला, नाणे त्यांच्या हातावर ठेवले आणि "बी शोधा बघू," म्हणाले.

डॉलरवर छापा दोन आहेत. एक मला लागली : हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखे तीन रेघांचे अक्षर, चिनी भाषेत 'ता', म्हणजे मोठा. दुसरी वेलबुट्टीच्या काठावर अर्धीच उमटली आहे. घाईत मारली असावी, किंवा मारणारा नवशिका असावा. ती वाचण्यासाठी रोज रात्री भिंग घेऊन बसतो. आजी म्हणते, डोळे जातील.