जुलाब थांबले की नुसते घट्ट झाले?

पावसाळा लागला की घराघरांत लहान मुलांची पोटे बिघडतात. मूल दिवसातून आठ-दहा वेळा पातळ शौचाला जाऊ लागले की अम्मीचा जीव कासावीस होतो. मग नानी किंवा दादी सुचवते, "थोडी मुलतानी माती पाण्यात कालवून पाज, पोट बांधेल." शौच जरा घट्ट झाली की सगळे निर्धास्त होतात. धोका इथेच आहे.

मातीचा हा उपयोग अगदीच निराधार नाही. केओलिन म्हणजे पांढरी चिनी माती. ती पेक्टिनबरोबर मिसळलेले औषध डॉक्टर पूर्वी सर्रास देत. स्मेक्टाइट नावाची शुद्ध केलेली माती काही देशांत आजही दिली जाते. अशा मातीचे कण अतिशय बारीक असतात. पाणी, जंतूंचे विष आणि काही जंतू त्यांना चिकटून राहतात. त्यामुळे शौच घट्ट दिसते. स्मेक्टाइटने जुलाब साधारण एक दिवस लवकर थांबतात, असे काही अभ्यासांत आढळले आहे. पण तो पुरावा भक्कम मानला जात नाही.

मात्र शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार माती परत देत नाही. जुलाबात मूल दगावते ते मुख्यतः पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे. शिवाय माती इतर औषधेही धरून ठेवते, त्यामुळे त्यांचा गुण कमी येतो. मातीत निसर्गतः थोडे शिसेही असू शकते. म्हणूनच 2019 मध्ये फ्रान्सच्या औषध नियामक संस्थेने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत, असे सांगितले. मग बाजारातली चेहऱ्याला लावायची माती मुलाच्या पोटात कशी घालावी?

खरा आधार जलसंजीवनीचा, म्हणजे ओआरएसचा. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे हेच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

भगिनींनो, एवढे करा :

• पाकिटावर लिहिलेल्या मापानेच ओआरएस कालवा आणि 24 तासांत संपवा. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मीठ जास्त पडू देऊ नका.

• प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला 50 ते 100 मिली, मोठ्याला 100 ते 200 मिली घोटघोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्या.

• अंगावरचे दूध आणि नेहमीचा हलका आहार बंद करू नका.

• डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या 10 ते 14 दिवस द्या. जुलाब थांबले तरी त्या मध्येच सोडू नका.

शौचातून रक्त पडत असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी होत नसेल, मूल सुस्त पडले असेल किंवा काही पीत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका; लगेच दवाखाना गाठा.

शौच घट्ट झाली का, हे नंतर पाहा. आधी पाहा, मुलाला लघवी झाली का?